समईखालचं कासव

फोंड्यात राहणाऱ्याला समुद्र लांब असतो, हे पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना पटवणं अशक्य आहे. गोव्यात राहता म्हणजे सकाळी दात घासत घासत किनाऱ्यावर जात असाल, अशी त्यांची ठाम समजूत. आमच्या फोंडा महालात देवळं आहेत, कुळागरं आहेत, तळ्या आहेत आणि एक अखंड गजबजलेला बसस्टँड आहे. समुद्रावर जायचं तर गाडी काढा, पार्किंग शोधा. शनिवार-रविवारी तर आम्ही त्या दिशेला फिरकतही नाही. त्यामुळे "मुलांना कासवं दाखवायचीयत, तुझ्याकडे येतोय," असा ताईचा फोन आला तेव्हा मी म्हणाले, "मार्दोळला जाऊ. चालत पाच पावलांवर गाडी उभी राहते, आणि कासव हमखास असतं."

हे काही अगदीच थट्टेत म्हटलं नव्हतं. मार्दोळला म्हाळसेच्या देवळात पितळेची उंचच उंच समई आहे. एकावर एक एकवीस वर्तुळं, आणि तो सगळा डोलारा उभा आहे कासवाच्या पाठीवर. म्हाळसा नारायणी हे मोहिनीचं रूप. समुद्रमंथनात मंदर पर्वत बुडू लागला तेव्हा ज्याने पाठ दिली तो कूर्म आणि शेवटी जिने अमृत वाटलं ती मोहिनी, दोघं एकाच गोष्टीतली, एकाच विष्णूची. समई पेटवली की वरती सगळा लखलखाट आणि तळाशी कासव. लहानपणी मला त्या कासवाची दया यायची. एवढा उजेड डोक्यावर घेऊन हे झोपतं कधी, असं वाटायचं.

ताईच्या घरचा मूळ बेत बेटावर जायचा होता. भावोजींना सुट्टी आखायला फार आवडतं. सुट्टी घेण्यापेक्षाही जास्त. त्यांनी आधी लक्षद्वीप पाहिलं. तिथल्या लगूनमध्ये हिरवी समुद्री कासवं पाण्याखालचं गवत चरताना दिसतात, पण जायला प्रवेश परवाना लागतो आणि चौघांचा खर्च पाहून ताईने तो विषय मिटवला. मग अंदमान-निकोबार. जगातलं सगळ्यांत मोठं समुद्री कासव, लेदरबॅक, ग्रेट निकोबारच्या गॅलेथिया उपसागराच्या वाळूत अंडी घालतं. ते तर आणखीच लांब, तिथेही परवान्याची भानगड. "बेटच पाहिजे का?" मी विचारलं. "दक्षिण गोव्यात, काणकोणातल्या गालजीबागला या. एका टोकाला तळपण नदी, दुसऱ्या टोकाला गालजीबाग नदी, समोर अरबी समुद्र. पाठीमागे जमीन आहे म्हणून बेट म्हणायचं नाही, इतकंच."

खरी अडचण वेळेची होती. गोव्याच्या किनाऱ्यावर येतं ते ऑलिव्ह रिडले कासव. मादी वाळूवर चढते ती साधारण नोव्हेंबर ते मार्च. अंडी फुटायला 45 ते 60 दिवस. म्हणजे आई आणि पिल्लं दोन्ही दिसण्याची शक्यता जास्तीत जास्त कधी, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, नेमकी वार्षिक परीक्षा उंबरठ्यावर असताना. दिवाळीच्या सुट्टीत फार लवकर होतं, मे महिन्यात फार उशीर. शाळेचं वेळापत्रक ज्याने कुणी ठरवलं त्याने कासवांना विचारलं नव्हतं हे नक्की. शेवटी महाशिवरात्रीला जोडून दोन दिवस शाळा बुडवायची असं ठरलं. भाची नववीत. तिच्या वर्गशिक्षिकांना चिठ्ठी गेली: "कौटुंबिक कारणास्तव." भाचीला हे खोटं लिहिलेलं मुळीच आवडलं नाही.

आईला न्यायचं आमच्या मनात नव्हतं. रात्रीचं वाळूत बसणं, गुडघे, दव. तिने स्वतःच पिशवी भरली. आईचं आजोळ मोरजीच्या टेंबवाड्याचं. शापोरा नदी जिथे समुद्राला मिळते तिथलं. कासवांसाठी गोव्यात पहिल्यांदा नाव झालं ते मोरजीचंच. म्हणून भावोजी म्हणाले, मग मोरजीलाच जाऊ की, तुमचंच गाव. आई म्हणाली, "तिथे आता मला रस्ता विचारावा लागतो," आणि पिशवीची चेन लावली.

तिचं म्हणणं मी पुढे नेणार नाही. मोरजी, आश्वे, मांद्रे हा पट्टा कसा बदलला हे गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यावर रडणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तिथे जमिनी विकल्या आहेत. कागदावर मात्र सगळं ठीक आहे. 2011 च्या सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग हे चार किनारे नावानिशी कासवांच्या विणीच्या जागा म्हणून नोंदले आहेत, आणि विणीच्या क्षेत्रात कसलंही विकासकाम होऊ नये असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. ऑलिव्ह रिडलेला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. किनाऱ्याला लागून तुम्ही फिरलात तर कासवाच्या नावाचं हॉटेल दिसेल, कासवाच्या नावाचा शॅक दिसेल, भिंतीवर रंगवलेलं हसरं कासव दिसेल. चित्रातल्या कासवाला दिव्यांचा त्रास होत नाही.

फोंड्याहून मडगाव, कुंकळ्ळी, बाळ्ळी, मग करमल घाट. घाटात नेहमीप्रमाणे धाकट्याला मळमळलं. काणकोणच्या बाहेरून आता नवा बगलरस्ता झाला आहे, नद्यांवरून उंच पूल गेले आहेत. पुलावरून खाली माड, पाणी आणि होड्या दिसतात आणि तुम्ही ते बघेपर्यंत मागे पडतात. आम्ही सुरूच्या बनामागे एका घरात खोल्या घेतल्या होत्या. घरमालकिणीने दुपारी कालवं केली. गालजीबागच्या नदीतली कालवं काणकोणात नावाजलेली. भावोजी शाकाहारी, त्यांनी डाळ-भातावर समाधान मानलं आणि बाईंना विचारलं, "किती वाजता दाखवतात?"

"काय?"

"कासव."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आणखी भात वाढला.

भावोजींची चूक म्हणता येणार नाही. ते पूर्वी मित्रांबरोबर वेळासला जाऊन आले होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्या गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून कासवांचं काम उभं केलं, गावकऱ्यांना बरोबर घेतलं, आणि त्यातून कासव महोत्सव सुरू झाला. लोक गावातल्या घरांत उतरतात, मोदक खातात, आणि सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी किनाऱ्यावर जातात. कुंपणातल्या घरट्यांवरच्या टोपल्या उचलून बघतात, पिल्लं वर आली असतील तर पाण्याकडे सोडतात. कोकणातल्या गावाला जे जमलं ते गोव्याला का जमलं नाही, हा प्रश्न मला नेहमी टोचतो. उत्तर बहुधा असं आहे की वेळासला कासवाआधी पर्यटक नव्हता. आमच्याकडे तो आधीच येऊन आडवा पडला होता. वेळासला माणसं कासवासाठी आली आणि गावाने त्यांना नियम सांगितले. इथे आधी खाटा आल्या, मग संगीत, मग दिवे, आणि मग कासवाच्या अंगणात कासवालाच जागा मागावी लागली.

पण वेळासलाही ठरल्या वेळी दिसतात ती पिल्लं. अंडी घालायला येणारी मादी कुणाच्याच वेळेला बांधील नसते.

रात्री जेवून आम्ही वाळूवर गेलो. वनखात्याने कासवांवर नजर ठेवायला स्थानिक माणसं नेमलेली असतात, त्यांच्यापैकी एक साठीचे काका तिथे माडाच्या झावळांच्या खोपीत बसले होते. त्यांच्याजवळ लाल काचेची विजेरी. लाल उजेड कासवांना फारसा जाणवत नाही, पांढरा मात्र लगेच. भाच्याने नवीन टॉर्च आणला होता, पुण्याहून खास. तो पेटला त्याच क्षणी अंधारातून आवाज आला, "लायट मारूं नाकात!" ओरडणं नव्हतं, पण भाच्याने टॉर्च असा विझवला की नंतर तो सापडेचना. फोन खिशात घालायला सांगितलं. पाण्यापासून लांब, झाडोऱ्याच्या कडेला, मर्यादवेलीच्या अलीकडे बसायला सांगितलं. उठून फिरायचं नाही. मोठ्याने बोलायचं नाही. भावोजींनी हळूच विचारलं, साधारण किती वाजता. काका म्हणाले, "आयज येतली काय ना, तें तिका खबर."

आणि मग काहीच झालं नाही.

गोव्यातली सुट्टी ज्या ज्या गोष्टींच्या भांडवलावर विकली जाते त्या सगळ्या त्या रात्री आमच्याकडून काढून घेतल्या होत्या. दिवे नाहीत, गाणी नाहीत, फोटो नाहीत, आणि दिलेल्या पैशांच्या बदल्यात काय दिसेल याची हमी नाही. पहिला अर्धा तास मुलांनी वाळू उपसली. मग धाकटा चिडचिडला. मग ताई आणि भावोजी एकमेकांवर दबक्या आवाजात वैतागले, कुणाची कल्पना होती यावरून. दबक्या आवाजात भांडण फार वेळ टिकत नाही, हे तिथे कळलं. शेवटी सगळे गप्प झाले आणि डोळे सरावले. अंधार वाटत होता तेवढा काळा नव्हताच. समुद्राची कड स्पष्ट दिसत होती, मागच्या सुरूच्या रांगेपेक्षा कितीतरी उजळ. काकांनी तेच दाखवलं. पिल्लू वर आलं की त्याला कुणी रस्ता सांगत नाही. काळोख्या झाडांकडे पाठ आणि जिकडे आभाळ खाली टेकतं तिथल्या उजेडाकडे तोंड, एवढं त्याला कळतं. हजारो वर्षं तो उजेड समुद्राचाच होता. आता मागून एखादा बल्ब जळत असला की पिल्लू वळतं आणि उलटं चालू लागतं. सकाळी ते रस्त्यावर किंवा कुणाच्या अंगणात सापडतं, तोवर कावळ्यांनी, कुत्र्यांनी ठेवलं असेल तर.

काका हळूहळू बोलते झाले. मादी येते ती मोठी भरती पाहून, बहुतेक वेळा मध्यरात्रीच्या पुढेमागे. वजन चाळीस किलोच्या आसपास. पाण्यात जी उडत्यासारखी चालते तिला वाळूवर स्वतःलाच ओढत आणावं लागतं. दर थोड्या अंतरावर थांबते, श्वास घेते. जागा पसंत पडली की पुढच्या वल्ह्यांसारख्या पायांनी अंगापुरती वाळू सारते आणि मग मागच्या दोन वल्ह्यांनी, आळीपाळीने, खड्डा खणते. हातभर खोल, वरती अरुंद, तळाला रुंद. हे सगळं पाठीमागे, स्वतःला न दिसता. शंभराच्या आसपास अंडी त्यात सोडते. त्या वेळी डोळ्यांतून पाणी गळतं. लोक म्हणतात कळांनी रडते, पण ते अंगातलं जादा मीठ बाहेर टाकणं असतं आणि समुद्रातही चालूच असतं. मग वाळू लोटते आणि वर चढून डावी-उजवी डुलत आपल्या पोटाने ती दाबून बसवते. जाताना आजूबाजूची वाळू उडवून सगळं एकसारखं करते.

"चूल सारवून ठेवल्यासारखं," आई म्हणाली. "मी पाहिलंय."

आम्ही सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं, म्हणजे ती जिथे बसली होती त्या बाजूच्या अंधाराकडे. इतक्या वर्षांत हे तिने कधी सांगितलं नव्हतं.

टेंबवाड्याला तिचे मामा रात्री किनाऱ्यावर जायचे. लहान मुलींना कोण नेणार, पण एकदा हट्ट करून गेली होती. तिने ते सगळं पाहिलं, कंदिलाच्या उजेडात. कासव एकदा अंडी सोडायला लागलं की सहसा हलत नाही, माणसं जवळ असली तरी. "मग?" भाच्याने विचारलं. "मग ते गेलं आणि मामाने अंडी काढली," आई म्हणाली. "आम्ही खायचो की."

कुणी काही बोललं नाही. भाची शाळेच्या निसर्ग मंडळात आहे, तिने प्लास्टिकवर निबंध लिहिला आहे, बक्षीस मिळालं आहे. तिला आजीचं काय करावं ते कळेना. आई मात्र आवाजात काहीही न बदलता सांगत राहिली. टोपलीतून बाजारातही जायची. उकडायची, पण कितीही उकडा, आतलं पांढरं काही घट्ट होत नाही. पिवळं तेवढं आळतं. वरचं कवच कोंबडीच्या अंड्याचं असतं तसं कडक नाही, मऊ, बोटाने दबणारं. म्हाताऱ्या बायका दम्याला चांगलं म्हणायच्या. "गरिबी होती," ताई घाईने म्हणाली, मुलांसाठी. "गरिबी होती ते खरं," आई म्हणाली, "पण आवडायचीसुद्धा."

तेव्हा काका म्हणाले, "माई, म्हजो बापूय तेंच करतालो." त्यांचे वडील याच किनाऱ्यावर पावलं ओळखून अंडी काढायचे. मादी कुठून वर आली, कुठे थांबली, खरं घरटं कुठे आणि फसवी वाळू कुठे, हे मुलाने बापाकडून शिकून घेतलं. तीच विद्या आता उलट्या कामाला लागली आहे. घरटं भरतीच्या रेषेच्या फार खाली असेल तर अंडी काढून वर कुंपणात हलवायची, तीही काही तासांच्या आत, आणि उचलताना अंड्याची वरची बाजू वरच ठेवायची. आत गर्भ कवचाला चिकटला की मग अंडं फिरवलेलं चालत नाही. हे शास्त्र वनखात्याने शिकवलं, पण काठी वाळूत किती आत जाते यावरून पोकळी ओळखणं बापाचं.

मला ती रात्र आठवते ती या संभाषणासाठी. उजेडात, डायनिंग टेबलवर, आईने हे कधीही सांगितलं नसतं, आणि सांगितलं असतं तर आम्ही विषय बदलला असता. भाचीने बऱ्याच वेळाने विचारलं, "आजी, तुला वाईट नाही वाटलं?" आईने थोडा विचार केला. "तेव्हा भरपूर यायची," ती म्हणाली. हे उत्तर नव्हतं आणि होतंही.

मग आईचा एक प्रश्न होता, काकांना. कीर्तनात ऐकलेला. कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही. ती नुसती त्यांच्याकडे बघते आणि तिच्या नजरेनेच ती वाढतात. देवाची भक्तावर तशी कृपादृष्टी असते. आमच्या सगळ्यांच्या कानांवरून कधी ना कधी गेलेला दृष्टांत. "ती येते का परत बघायला?"

नाही. ती येत नाही. वाळू सारखी केली की जी समुद्राकडे निघते ती मागे वळूनही बघत नाही. त्याच हंगामात कदाचित पुन्हा येईल, दुसरं घरटं करायला. पहिल्याची चौकशी करायला नाही. पिल्लं फुटतात तेव्हा ती कुठल्या पाण्यात असेल सांगता येत नाही. भावोजींना इथे बोलायला मिळालं. 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर वल्ह्याला बिल्ला लावलेली एक मादी, क्रमांक 03233, जानेवारी 2025 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरून सगळा देश वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर. ओडिशात गहिरमाथा, ऋषिकुल्या इथे एकेका रात्री हजारो माद्या एकदम येतात. आपल्याकडे एकेकट्या येतात. दोन्हीकडची कासवं वेगळी, असं समजायचे. हिने ते वेगळेपण जरा पुसलं.

"म्हणजे संतांनी काय बघितलं मग?" ताईने विचारलं.

आई म्हणाली, "पिल्लांकडे बघत नसेल. जागा तरी बघूनच निवडते ना."

तिच्या त्या वाक्याने मी जरा चकित झाले, कारण ते शब्दशः खरं आहे. कासवीचं सगळं आईपण त्या एका तासात आणि त्या एका जागेत उरकलेलं असतं. पाण्यापासून किती वर, वाळू किती ओली, सावली किती. पिल्लू नर होणार की मादी हेसुद्धा त्या जागेवर ठरतं. गर्भ वाढत असताना वाळू साधारण 29-30 अंशांच्या वर तापली तर माद्या जास्त, त्याखाली राहिली तर नर जास्त. सुरूची झाडं ऑस्ट्रेलियाकडची, माणसाने किनाऱ्यावर लावलेली. त्यांच्या सावलीत वाळू गार राहते आणि मुळं खणू देत नाहीत. तापणारं हवामान उलट बाजूने ओढतं. आणि ही जागा ती आपली म्हणून निवडते. मोठेपणी माद्या आपण जन्मलो त्याच भागाकडे परततात, पृथ्वीच्या चुंबकत्वावरून वाट काढत, असं शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे आज मोरजीच्या टेंबवर एखादी चढत असेल तर तिच्या हिशेबात तो किनारा अजून तिच्या जन्माच्या वेळचाच आहे. आईसारखं "रस्ता विचारावा लागतो" म्हणायची तिला सोय नाही.

त्या रात्री कुणी आलं नाही. निदान आम्ही जागे होतो तोवर.

पहाटे काकांनी घरमालकिणीकडे निरोप पाठवला. किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाकडे, आमच्यापासून बरंच लांब, एक मादी येऊन गेली होती. वाळूवर अडीच-तीन फुटांचा पट्टा पाण्यातून वर चढलेला, दोन्ही कडांना वल्ह्यांचे ठसे, एक पुढे एक मागे, असे आळीपाळीने. ऑलिव्ह रिडले तशीच चालते. हिरव्या कासवाचे ठसे जोडीने, समोरासमोर उमटतात. काका पट्ट्याच्या बाजूने चालत गेले, आम्ही त्यांच्या मागे. वर, मर्यादवेलीजवळ, तो थांबला होता. तिथे थोडी वाळू सारलेली, एक उथळ खळगा. आणि तिथून पट्टा वळून सरळ पाण्यात.

"फाटीं गेली," काका म्हणाले.

अंडी नव्हती. त्यांनी तरी काठीने पाहिलं, मग हाताने. काय झालं असेल? धाकट्याला कारण हवंच होतं. काकांनी खांदे उडवले. कुत्रा आला असेल. मूळ लागलं असेल. वाळू कोरडी असेल, खड्ड्याच्या कडा ढासळत असतील. कुणी दारूच्या बाटल्या घेऊन बसलं असेल. दूर कुठे गाडीचा दिवा फिरला असेल. "मग आता?" आता ती आज रात्री किंवा उद्या परत प्रयत्न करेल, इथेच कुठेतरी जवळपास. पोटात शंभर अंडी घेऊन किती फिरणार.

भावोजींनी फोटो काढले, दिवसा परवानगी होती. मला वाटलं होतं ते हिरमुसतील. पण पट्ट्याशेजारी उकिडवे बसून ते बराच वेळ बघत राहिले. आलेली वाट आणि गेलेली वाट यांत फरक होता. जातानाचे ठसे जास्त खोल, जास्त जवळजवळ. घाईचे, का थकल्याचे, त्यावर त्यांची आणि भाचीची चर्चा झाली. ती निकालात निघाली नाही.

पिल्लं मात्र दिसली. कुंपणातल्या एका घरट्यावरच्या पाटीवर अंडी घातल्याची तारीख होती, त्या हिशेबाने दिवस भरत आले होते, आणि संध्याकाळी वाळू मध्यावर किंचित खचली. पिल्लं आत दोन-दोन दिवस एकमेकांच्या अंगावरून चढत वर येत असतात आणि वाळू निवेपर्यंत पृष्ठभागाखाली थांबतात. तापलेल्या वाळूत वर यायचं नाही, इतकी अक्कल अंड्यातून घेऊनच येतात. उन्हं उतरली आणि एक काळपट नाक दिसलं. मग दोन, मग सगळी वाळूच हलायला लागली. बोटाच्या दोन पेरांएवढी. त्यांना घमेल्यात घेऊन काकांनी ओल्या वाळूच्या अलीकडे सोडलं, पाण्यात नाही. चालायचं त्यांचं त्यांनी. दोन्ही बाजूंना दोरी. दोरीबाहेर आमच्याखेरीज आणखी काही कुटुंबं जमली होती, एक बाई पिल्लू हातावर घेऊन फोटो काढू द्या म्हणून गळ घालत होती. "हात लावूं नाकात" हे वाक्य काकांनी इतक्या वेळा म्हटलं की शेवटी आमचा धाकटाच ते म्हणायला लागला, अस्सल काणकोणी हेलात. पहिलं पिल्लू लाटेपाशी पोचलं आणि लाटेने त्याला जिथून निघालं तिथे आणून टाकलं. ते पुन्हा निघालं. हे तीनदा झालं. चौथ्यांदा लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि काका वैतागले.

"यातली मुलगे किती, मुली किती?" आईने विचारलं. बघून सांगता येत नाही, भाची म्हणाली. मोठी झाल्यावर नराची शेपटी लांब दिसते, तेव्हाच. आणि मोठी किती होतील? हजारात एखादं, असा अंदाज सांगतात. आई म्हणाली, "मग भरपूरच घालायला हवीत," आणि रात्रीच्या गोष्टीबद्दल ती जे काही बोलली ते एवढंच.

परत फोंड्याला येताना मी मुलांना मार्दोळला नेलं. धाकटा समईजवळ गेला, खाली वाकला, आणि "याच्यावर तर केवढे दिवे लावतात!" असं पुजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. पुजाऱ्यांनी त्याला प्रसादाचं केळं दिलं.

ताई पुण्याला पोचली आणि आठवड्याभरात तिचा मेसेज आला. सोबत भाचीने लिहिलेल्या अर्जाचा फोटो, पुढच्या वर्षासाठी, आत्ताच. "मा. वर्गशिक्षिका यांस, फेब्रुवारीच्या अखेरीस ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिल्ले काणकोण येथे अंड्यांतून बाहेर पडत असल्याने व त्यांची तारीख पुढे ढकलता येत नसल्याने..." पुढच्या वर्षी दहावी आहे, हिला समजाव, असं ताईने खाली लिहिलं होतं. मी दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारून अर्ज परत पाठवला. आईला वाचून दाखवला तर ती म्हणाली, "बाईंना म्हणावं, तुम्हीच चला. चटया आमच्याकडे आहेत."